चालत्या नावेतील शौचालयाबाबत

प्रति,
मा. उपसंचालक महोदया,
नौकाविहार परवाना कक्ष,
नदी व घाट सुविधा कार्यालय,
फ्रीगंज, उज्जैन.

विषय : नावेतील शौचालयाचे सील उठवून परवाना मिळणेबाबत. (सील अगोदरच उठलेले आहे. खुलासा पुढे येईल.)

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, आणि निरीक्षक महोदयांचा तपासणीच्या दिवशीचा नाश्ता.

महोदया,

श्रीनाथ विनायक चिटणीस, निवृत्त विमा कर्मचारी, राहणार नानाखेडा, उज्जैन, यांचे सविनय निवेदन असे की, अर्जदाराच्या घराण्यात पूर्वी दरबारची पत्रे लिहिण्याचे काम होते आणि वरिष्ठांपुढे ‘मी, मी’ करणे त्या घरात उद्धटपणा समजतात. म्हणून अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणेल. यापूर्वीचे अर्ज हिंदीत होते. ते बहुधा बाबूलोकांनीच वाचून संपवले. आपल्या दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव दिसल्यामुळे हा अर्ज मराठीत केला आहे, म्हणजे तो कोणाला नीट कळणार नाही आणि नाइलाजाने आपल्यापर्यंत पोहोचेल.

अर्जदाराची पत्नी सौ. अहल्या हिने मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात उमर घालवली. निवृत्तीनंतर तिचे एक ऑपरेशन झाले. ते यशस्वी झाले असे डॉक्टर म्हणतात, पण तेव्हापासून तिला लघवी धरवत नाही. आपण स्वतः स्त्री आहात, म्हणून अधिक लिहीत नाही. फक्त एवढेच की, या शहराचा तिचा नकाशाच बदलला. फ्रीगंजमध्ये ज्या दुकानाच्या मागे सोय आहे त्याच दुकानातली साडी तिला आवडू लागली. लग्नाचे आमंत्रण आले की ती मुहूर्ताआधी हॉलच्या बाथरूमची चौकशी करी. पुढे पुढे तिने बाहेर पडणेच सोडले आणि पडलीच तर सकाळपासून पाणी पीत नसे. त्यातून किडनीचे दुखणे आले, डॉक्टर ओरडले, अर्जदारही ओरडला. तेव्हा ती एवढेच म्हणाली, “जन्मभर पोरींना नद्या शिकवल्या. आपली नदी मात्र घाटावरून बघते, तीही घाईत.”

अर्जदाराने केवट समाजातील अनुभवी नावाडी बापू यांच्या भागीदारीत एक जुनी छपराची नाव घेतली. तीत शौचालय बसवायचे म्हणताच बापू खो खो हसले. “साब, छेद कर दो पटिये में. मछली का भी भला, आपका भी.” ही पहिली योजना अर्जदाराने फेटाळली. ज्या पाण्याने लोक आचमन करतात त्यात आपण भर घालू नये, असे त्याचे मत पडले. भर घालणारे इतर पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी नोटीस दिल्याचे ऐकिवात नाही, हा मुद्दा अर्जदार येथे मांडत नाही.

दुसरी योजना समुद्रावरच्या बोटींत असते तशा यंत्राची होती. हाताने पंप मारायचा, नदीचे पाणी आत येते आणि सगळे ढकलून खालच्या टाकीत नेते. पण ते यंत्र बनवणाऱ्यांनी कधी तीर्थक्षेत्री पंप मारलेला नसावा. पहिल्याच चाचणीत पंपाने अर्धा झेंडूचा हार ओढला, दुसऱ्यात कोणीतरी श्रद्धेने वाहिलेला खण. तो खण बाहेर काढताना अर्जदार कोपरापर्यंत आत होता आणि काठावरच्या यात्रेकरू बायका त्याला कसले व्रत चालू आहे ते विचारत होत्या. टाकीच्या वासाची नळी बसवणाऱ्याने सुकाणूपाशी सोडली होती, त्यामुळे बापू नाकाला गमछा बांधून, मान उलटीकडे वळवून नाव हाकत, आणि नाव त्यांच्या मानेमागे जाई. टाकी भरली तेव्हा मैला उपसणारी गाडी बोलावली. गाडीचा पाईप घाटाच्या निम्म्या पायऱ्यांपर्यंतच पोहोचला. ड्रायव्हर म्हणाला, “नाव ऊपर ले आओ.” ही योजनाही तेथेच संपली.

तिसरी योजना सौ. अहल्येने शोधली. तिच्या एका विद्यार्थिनीने, देवश्रीने, परदेशातून फोटो पाठवले होते. या प्रकारात पाणी लागत नाही. बैठकीतच अशी खाच असते की पातळ पुढच्या कॅनमध्ये जाते आणि घट्ट मागच्या झाकणाच्या डब्यात. डब्यात दर वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. छपरावर सोलरची पाटी आणि त्यावर चालणारा छोटा पंखा. दोन्ही वेगळे राहिले, तर वास येत नाही, हे अर्जदाराने स्वतःच्या नाकाने पडताळले आहे. भुसा मात्र साध्या लाकडाचाच हवा. प्लायवुडचा घेतला तर त्यातला गोंद त्रास देतो. कॅन रोज रिकामा करून धुवायचा. तो घरी आणताना ऑटोवाल्याने कॅनमध्ये काय आहे ते विचारले. अर्जदार त्याला ‘तीर्थ’ असे म्हणाला नाही. परंतु घाटावरून आलेला कॅन पाहून ऑटोवाल्याने त्याला हात लावून तो हात कपाळी लावला, तेव्हा अर्जदाराने त्याची चूक दुरुस्तही केली नाही. डब्यातला ऐवज बंद पिंपात वर्षभर मुरवून, चांगली माती झाल्यावर, अंगणातल्या मोगऱ्याला घातला. मोगरा असा फुलला की शेजारच्या काकू रोज देवासाठी ओंजळभर नेतात. या अर्जाची प्रत त्यांना देऊ नये ही विनंती.

महोदया, पहिल्या फेरीला सौ. अहल्या नदीच्या मध्यावर बसली, पिशवीतून बाटली काढली आणि पेला भरून पाणी प्याली. मग दुसरा प्याली. बापूंनी वल्ही थांबवली. तिने नंतर दोन्ही काठांचा भूगोल असा समजावून सांगितला की बापूंना आपली नदी नव्याने कळल्यासारखे झाले, असे ते स्वतः म्हणाले. पुढे ही गोष्ट पसरली आणि ज्यांना गुडघा, प्रोस्टेट किंवा वय आहे असे पुष्कळ लोक विचारू लागले. तेव्हा रविवारी अशांना फिरवून आणावे म्हणून अर्जदाराने आपल्याकडे रीतसर परवाना मागितला. तेथून त्याचे दुर्दैव सुरू होते.

प्रथम कळवण्यात आले की नियमानुसार शौचालय शहराच्या मलवाहिनीस जोडलेले असावे. अर्जदाराने खिडकीवर विचारले, “साहब, नाव चलेगी तो पाईप का क्या?” उत्तर मिळाले, “तो मत चलाइए.” पुढे स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये असावीत असे सांगण्यात आले. अर्जदाराने बापूंना विचारता ते म्हणाले, दोन बसवली तर नाव बुडेल, पण बुडताना समतोल राहील. शेवटी प्रत्यक्ष तपासणी ठरली.

तपासणीस आलेल्या निरीक्षकांचे नाव अर्जदार लिहीत नाही, कारण त्यांना बायकामुले आहेत. ते पोहे, कचोरी आणि जिलबी असा भरपेट नाश्ता करून नावेत बसले. काठ दूर गेल्यावर ते नियम वाचता वाचता गप्प झाले. कपाळावर घाम आला. सौ. अहल्येने ते लगेच ओळखले. या बाबतीत तिच्याइतका अनुभव कोणाला नाही. ती म्हणाली, “भैया, शरमाइए मत. इसी के लिए तो है.” ते आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले ते मोकळ्या चेहऱ्याने. “बहुत बढ़िया है, माताजी. हवा भी आती है.” अर्जदाराला परवाना हातात आल्यासारखे वाटले.

त्यानंतर आलेल्या अहवालातील वाक्य जसेच्या तसे देतो : “निरीक्षण के समय शौचालय उपयोग की हुई अवस्था में पाया गया, जिससे सिद्ध होता है कि इसका बिना अनुमति उपयोग हो रहा है.” महोदया, हे सत्य आहे. पुरावाही निर्विवाद होता, कारण निरीक्षकांनी भुसा टाकलेला नव्हता. परंतु तो उपयोग कोणाचा, हे अहवालात नाही. या एका वाक्यावर दाराला सील लागले आणि नोटीस आली की नाव चालवण्यास हरकत नाही, फक्त शौचालय वापरू नये. म्हणजे जिच्यासाठी नाव केली, ती सोडून सर्वांनी बसावे. सौ. अहल्या पुन्हा घरात बसू लागली. अर्जदार आपल्या कार्यालयात येत राहिला आणि कक्षातले साहेब दौऱ्यावर जात राहिले.

मागच्या रविवारी तिची जुनी सहशिक्षिका कुसुमताई इंदूरहून आली. वय मोठे, हौस त्याहून मोठी. दोघी हट्टाने नावेत बसल्या. अर्ध्या वाटेवर कुसुमताईंचा चेहरा निरीक्षकांसारखा झाला. काठ लांब होता. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अहल्ये, आता माझी फजिती होणार गं.” सौ. अहल्या उठली, काकडी कापायची सुरी उचलली, म्हणाली, “अहो, तिकडे तोंड करा. बापू, तुम भी,” आणि सरकारी सील कापले. अर्जदाराने तिकडे तोंड केले होते, तरी साक्षीदार म्हणून तो सांगू शकतो की सील तुटल्याचा आवाज अगदी लहान होता आणि त्यानंतर आतून आलेले हसू फार मोठे. कुसुमताईंनंतर सौ. अहल्याही आत जाऊन आली. दोघींनी भुसा टाकला.

सबब प्रार्थना अशी की, परवाना द्यावा. अहवालात ‘उपयोग’ या शब्दापुढे उपयोग करणाऱ्याचा हुद्दा लिहावा, नाव नको. आणि सील तोडल्याबद्दल कारवाई करायची असल्यास ती अर्जदारावर करावी, असे त्याने लिहिले असते, परंतु सौ. अहल्येने ते वाक्य खोडायला लावले. सील तिने तोडले असून तसे सांगायला हा अर्ज घेऊन ती स्वतः सोमवारी येणार, असे तिचे म्हणणे आहे. ती येईलच. आपल्या मजल्यावरील महिला शौचालयाला कुलूप असते आणि चावी जेवायला गेलेल्या शिपायाच्या खिशात असते. ते त्या दिवशी उघडे ठेवण्याची व्यवस्था व्हावी. तिला आता थांबण्याची सवय राहिलेली नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
श्रीनाथ विनायक चिटणीस
नानाखेडा, उज्जैन

दिनांक : शनिवार

सोबत : १. नोटीस व अहवालाची प्रत. २. याच अर्जाची हिंदी प्रत, निरीक्षकांचा परिच्छेद वगळून. ३. सरकारी सील, तुटलेले, धुऊन पाकिटात.