तळघरातला चाफा

१४ ऑक्टोबर

रात्री दंव गोठणार असं बातम्यांत म्हणाले, म्हणून चाफा आज तळघरात उतरवला. बुनथान धाकटा, पण कुरकुर थोरल्यासारखी. जिन्यात मध्येच कुंडी टेकवून म्हणतो, "ताई, हे झाड आहे की सासू?" पानं गळलीच आहेत, नुसते बोडके फाटे. सगळं आईसारखं केलं — बॉयलरपासून लांब, खोडाला तिचा लुंगीसारखा नेसायचा जुना सिन गुंडाळला, आणि आता वसंत येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आई म्हणायची, झोपलेल्याला पाणी पाजलं तर ठसका लागतो.

दवाखान्यात तिला कबूल केलंय. पुढच्या ऑगस्टमध्ये तिला जाऊन वर्ष होईल, त्या पूजेला विहारात याच झाडाची फुलं नेईन. निर्वासितांच्या छावणीतून निघताना तिने कपड्यांत लपवून आणलेली काठी आहे ती. माझ्या हातून मरू नये, बस्स.

९ नोव्हेंबर

बाबा हल्ली एकही पौर्णिमा-अमावास्या चुकवत नाहीत. केओमावशी गाडीतून नेते. भिक्षूंना चिकट भात वाढायचा, आईच्या नावाने पाणी सोडायचं, आणि परत. एरवी दिवसभर खिडकीशी बसून असतात. त्या दिवशी तेवढे दोन घास जास्त जेवतात.

२ डिसेंबर

खोड दाबून पाहिलं. टणक. साल सुरकुतलीये, ते चालतं.

२१ डिसेंबर

माती ओली!

बोट घातलं तर गार चिखल. पाइप कोरडा, बॉयलरही गळत नाही. मग कुणी? बुनथान रविवारी कपडे धुवायला आला होता. तिथल्या तिथे फोन लावला. म्हणाला, मी त्या झाडाकडे बघतो तरी का? मी नाही नाही ते बोलले. आईच्या आजारपणात तू कुठे होतास, इथपर्यंत गेले. त्याने फोन ठेवला.

वरची माती उकरून काढली, पंखा लावला. बाबा जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारत होते, खाली एवढं काय चाललंय? म्हटलं, कपडे.

८ जानेवारी

बाहेर उणे पंचवीस. माती परत ओली. बुनथान त्या दिवसापासून रुसलाय, इकडे फिरकलेला नाही — म्हणजे तो नव्हता.

खोड तळाशी दाबलं. बोट आत गेलं, अति पिकलेल्या केळ्यात जावं तसं. तिथेच पायरीवर बसून रडले. मग राग आला, कुणावर ते कळेना.

१८ जानेवारी

कळलं.

आज शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीला मला सुट्टी होती, बाबांच्या ते लक्षात नव्हतं. विहारातून आले आणि तसेच तळघराकडे वळले. गुडघे गेलेला माणूस! एक पायरी, थांबायचं, मग पुढची. मी मागून गेले, पडतील म्हणून. त्यांनी सिन जरा बाजूला केला, कोटातून छोटी बाटली काढली आणि मुळाशी हळूहळू पाणी सोडलं. ओठ हलत होते. आईचं नाव मला ऐकू आलं.

पुण्यदानाचं पाणी. भिक्षू मंत्र म्हणतात तेव्हा ते वाटीत सोडायचं, मग झाडाच्या मुळाशी ओतायचं, की ते मातीतून त्या गेलेल्या माणसाला पोहोचतं. लहानपणापासून बघतेय आणि मला सुचू नये! बाहेरची जमीन दगड झालीये. बाकीचे विहाराच्या अंगणात बर्फावरच ओतून मोकळे होतात. बाबांना ते पटलं नसणार. आणि घरात झाड म्हणायला हे एकच.

आवाज न करता वर आले. काय सांगणार? आईला पाणी देऊ नका, असं?

१९ जानेवारी

बुनथानला फोन केला, चुकले म्हटलं. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना कळू देऊ नकोस. वरचं वाचतंय का बघ."

२० जानेवारी

बाबा केओमावशीकडे जेवायला गेले तेवढ्यात करवत घेऊन खाली गेले. पहिला काप — आत काळं. त्याच्या वर कापलं, तपकिरी. अजून वर. पार शेंड्याशी पांढरंशुभ्र लागलं आणि चीक ठिबकला! असे तीन फाटे निघाले. जखमा वाळायला माझ्या कपाटावर ठेवलेत, मार्चमध्ये वाळूत खोचीन.

कुजकं खोड तसंच उभं ठेवलं. शेंडे नाहीत ते दिसू नये म्हणून सिन पार वरपर्यंत ओढला. सख्ख्या बापासाठी बुजगावणं उभं केलंय मी. लाज वाटतेय.

१७ फेब्रुवारी

बाबा परत खाली जाऊन आले. आज बराच वेळ लागला. जेवताना माझ्याकडे बघत होते. मी चिकट भाताची टोपली पुढे सरकवली, त्यांनी हात लावला नाही. कळलं असेल का? विचारायची हिंमत नाही.

११ एप्रिल

एका फाट्याच्या टोकाला हिरवं! तांदळाच्या दाण्याएवढं. बुनथानला फोटो पाठवला. त्याचं उत्तर — सासू उठली.

१४ एप्रिल

आमचं नववर्ष. बाबांनी माझ्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. गाठ मारता मारता म्हणाले, "शेंडे तू काढून घेतलेस, ते बरं केलंस."

पाण्याने ते कुजतं हे तुम्हाला माहीत होतं का, मी विचारलं.

"एवढा संसार झाला, हिवाळ्यात तुझ्या आईने मला त्या कुंडीजवळ फिरकू दिलं नाही. माहीत नसेल?" दोरा नीट केला. "तिचं झाड तिला पोहोचवत होतो, पोरी. तू थोडं ठेवून घेतलंस. तिला सांगितलंय मी तसं."