मागची बॅटरी

१० जुलै
शी! पाण्याच्या ट्रकची बॅटऱ्यांची पेटी उघडली आणि सडक्या अंड्यांचा भपकारा थेट घशात. दोनपैकी मागची बॅटरी पुन्हा उकळली. आम्लाने पेटी खाल्ली, माझी पँटही गेली. लष्कराने पन्नास वर्षं वापरलेला खटारा गावाच्या अग्निशमन पथकाच्या गळ्यात मारला. आणि दुरुस्तीला फुकटात मी!

पथकप्रमुख डेल्मर म्हणे, "अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय. बदल." अरे, दोनदा बदलला की! मूळ न शोधता हात घालणाऱ्यांचा मला वीट आलाय. इथे सगळ्या मोंटानात गवत वाळून गेलंय आणि पाण्याचा ट्रक हा एकच.

११ जुलै
बाबा म्हणाले, "राहू दे गं, चालतोय ना!" हा ट्रक बावीस वर्षं तेच चालवतात. खोकत होते. "धूळ आहे."

१३ जुलै
मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून अठ्ठावीस व्होल्ट — अगदी बरोबर! मग वेगवेगळ्या मोजल्या, प्रत्येकी चौदा हवेत. पुढची बारा, मागची सोळा. अल्टरनेटर बिचारा निर्दोष! कुणीतरी एकट्या पुढच्या बॅटरीतून वीज चोरतंय. ती उपाशी, म्हणून तिच्या वाटणीचंही मागचीच्या घशात कोंबलं जातं.

सापडली तार. बारीक, चिकटपट्टी गुंडाळलेली, सीटकडे गेलेली. काय घाणेरडं काम! कुणाचा तरी रेडिओ असेल, नाहीतर कॉफीची किटली. कापून टाकली. ती पुढे कुठे जाते ते बघायचीसुद्धा किळस आली.

१४ जुलै
पुढची वेगळी चार्ज करून जोडली. दोन्ही चौदा! डेल्मरने तेलकट हाताने पाठ थोपटली. शी.

१५ जुलै
टेकडीपलीकडे गवत पेटलं. बाबा ट्रक घेऊन गेले आणि अर्ध्या वाटेतच थांबले. पुढे डेल्मरने चालवला. आग विझली. बाबांचे ओठ निळे पडले होते. "जरा दम लागला गं, कुणाला सांगू नकोस."

१६ जुलै
आज तार टोकापर्यंत धरून गेले. सीटखाली, घोंगडीत गुंडाळलेलं प्राणवायूचं यंत्र. नाकात घालायची नळी. वर चिठ्ठी — लेलँड ट्वेट. बाबा! तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मूळ न शोधता हात घालणारे, म्हणे! मला माझीच किळस येते.

१९ जुलै
दोन्ही बॅटऱ्यांतून सारखी वीज घेणारी पेटी बसवली, यंत्र तिला जोडलं. बाबांनी वाकून बघितलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चालकाच्या शेजारच्या सीटवर चढून बसले.