माजघरातली गाडी

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
गुंजी, ८ जुलै

चि. आदर्श यास आक्काचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. मोबाईलला रेंज नाही, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की कधी फोन लागलाच तर आरोही माझ्या कानाला कान लावून बसते, आणि तुझं-माझं बोलणं तिनं ऐकण्यासारखं नाही. शेजारचा भावकू रोज गाडीनं बेळगावला कामाला जातो, त्याच्या डब्याच्या पिशवीतून हे पाठवते आहे.

पावसानं धरलंय ते सोडायचं नाव नाही. शाळेला सुट्टी, ओढ्याला पाणी, पोरीला उंबऱ्याबाहेर सोडायची सोय नाही. फणसाच्या आठळ्या भाजून झाल्या, सागरगोटे झाले. तुझ्या दाजींच्या एकुलत्या एक सुक्या धोतराचा झोपाळा झाला आणि दाजी दिवसभर लुंगीवर. म्हणाले, सहा वर्षांची पोर अन् सरकारसारखी जप्ती आणती.

हसते रे, पण संध्याकाळ झाली की दाराशी उभी राहते. उघडला का गं आत्ती, म्हणून विचारते. आई बरी झालीय, पाऊस उघडला की दवाखान्यातून येईल, असं तू तिला सांगून गेलास. तिकडं तिच्या आईचे, आपल्या रूपालीचे, तेरा दिवससुद्धा होऊन गेले. भाताची रोपं कुजायला लागलीत, तरी मी मनात म्हणते, देवा, पडू दे अजून. शेतकऱ्याच्या बाईनं असं मागावं का?

तू ये आणि सांग. बापानं सांगायचं ते आत्यानं सांगून भागत नाही.

तुझी,
आक्काताई


बेळगाव, ११ जुलै

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आरोहीनं पाठवलेल्या आठळ्याही भावकूनं दिल्या. एकही तोंडात घालवेना.

खरं सांगतो, माझ्यात बळ नाही. कामावर जातो, माणसांशी बोलतो. घरी आलो की रूपालीच्या चपला दारातच असतात, त्या उचलवत नाहीत. या जगात आरोही एकटीच अशी आहे, जिच्यासाठी रूपाली अजून जिवंत आहे. ते मी माझ्या तोंडानं कसं मोडू? पाऊस उघडू दे. त्याच दिवशी येतो, रवळनाथाची आण. तोवर तिला गुंतवून ठेव.

दाजींना नमस्कार, आरोहीला पापा.

तुझा,
आदर्श


गुंजी, १५ जुलै

चि. आदर्श यास अ. उ. आ.

गुंतवून ठेव म्हणालास, ठेवलं. आणि करायला गेले एक नि झालं भलतंच.

माजघरात पाट एकामागं एक मांडून तिला गाडी करून दिली. स्टेशनची शिट्टी घरात ऐकू येते, त्यामुळं खेळ चांगला रंगला. आरोही गार्ड, मांजर प्रवासी, आणि दाजींचं घोरणं हेच इंजिन. भावकू संध्याकाळी आला की त्यालाही तिकीट काढावं लागतं. शेवटचा पाट तेवढा रिकामा. त्याला कुणाचा पाय लागला तरी ओरडते. तो आईचा.

काल भावकू चिंब भिजून आला. पोरीनं विचारलं, पावसात गाडी थांबती का रं काका? त्या बापड्याला काय ठाऊक! म्हणाला, छ्या गं, गाडीला कसला आलाय पाऊस, मी रोज जातोय की, रोज येतोय. ती माझ्याकडं वळून म्हणाली, मग आई का आली न्हाय?

मी म्हटलं, दवाखान्यातल्या माणसांनी भिजायचं नसतं. एक खोटं झाकायला दुसरं. तिनं मान हलवली, शेवटचा पाट उचलला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. तेव्हापासून उघडला का म्हणून एकदाही विचारलेलं नाही.

तिला कळत चाललंय, आदर्श, आणि ते एकटीला कळतंय. तू आता पावसाकडं बघू नकोस.

तुझी,
आक्काताई


बेळगाव, १९ जुलै

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून काल निघालो होतो. तिकीट काढलं, बाकावर बसलो. गाडी आली, आणि गेली. मी बसूनच राहिलो. याहून जास्त लिहवत नाही.

रागावू नकोस. थोडं उघडू दे.

तुझा,
आदर्श


गुंजी, २२ जुलै

चि. आदर्श यास अ. उ. आ.

आज सकाळी उघडलं. लख्ख ऊन पडलंय. गल्लीतली सगळी पोरं रस्त्यावर आहेत, दाजी कुदळ घेऊन शेताकडं गेले.

मी आरोहीला म्हटलं, चल बाळ, बाहेर जाऊ. ती उठली, आणि दार ओढून तिनं कडी घातली. पाटावर चढून खिडकीही लावून घेतली. अंधारात माझ्या मांडीवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, आत्ती, पाऊस उघडलाय म्हणून बाबाला कळवू नको गं. कळलं की त्येला हितं येऊन मला सांगावं लागंल, आणि सांगताना त्यो लई रडंल.

मी तिला पोटाशी धरून पोटभर रडले. ती माझे डोळे पुसत होती.

भावकू बाहेर खोळंबलाय. आदर्श, पाऊस उघडलाय. आमचा लोभ आहेच, तो घ्यायला तरी ये.

तुझी,
आक्काताई