मागच्या दाराची ओल

प्रिय आई,

मंजूर झालं! काल संध्याकाळी गावच्या समितीने आमच्या परसातल्या छोट्या घराला परवानगी दिली आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. फोनवर सांगितलं असतं तर तू 'जरा हळू बोल गं' म्हणाली असतीस, म्हणून लिहितेच. घर कोणासाठी, हे तू विचारत राहिलीस आणि मी विषय बदलत राहिले. तेही सांगते, थांब.

आमच्याकडे पाणथळ जमिनीच्या शंभर फुटांच्या आत साधी कुदळ मारायलाही समितीची परवानगी लागते. ओढ्याकाठी दलदल आहे, ते मान्यच. पण मला घर हवं होतं मागच्या दाराजवळ, आणि तिथेही भर ऑगस्टात बूट रुतायचे. नेचे माजलेले. शेजारचे हॅस्किल कुंपणावरून म्हणायचे, "ग्रेटा, तिथे घर कसलं बांधतेस, बदकं पाळ."

जमीन तपासायला पेलटियर बाई आल्या. झाडंझुडपं बघत त्यांनी दलदलीच्या हद्दीचे गुलाबी झेंडे रोवत आणले, ते थेट आमच्या दारापर्यंत. माझं तोंड एवढंसं झालं. त्यात शनिवारी लॉईडने गवत कापायचं यंत्र फिरवलं आणि अर्ध्या झेंड्यांचा भुगा केला. नवरा आहे म्हणून वाचला. बाईंना पुन्हा यावं लागलं, आणि या खेपेला त्यांनी जागोजागी गिरमिट घालून माती वर काढली. ओढ्याकाठची राखाडी निघाली, गंजासारखे ठिपके असलेली. पाण्यात मुरलेली माती अशीच असते म्हणे. दाराजवळची मात्र खोलवर छान तपकिरी, मुळात कोरड्या जमिनीची! बाईंनी ती बोटांत चुरली आणि विचारलं, तुमच्या तळघरातलं पाणी जातं कुठे? लॉईड आभाळाकडे बघायला लागला. तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची नळी त्यानेच नेच्यांच्या मागे सोडून दिली होती. दलदल आम्हीच पोसत होतो, आई! नळी दुसरीकडे वळवली आणि या उन्हाळ्यात तिथे मी अनवाणी चालले. हद्द मागे सरकली.

तरी शंभर फुटांच्या आतच होतो, त्यामुळे समितीपुढे जावंच लागलं. हॅस्किल विरोध करायला कागद घेऊन आले होते, आपल्या तळघरात पाणी शिरेल म्हणून. पाणी खालून वाहून जावं म्हणून घर खांबांवर उभारायचं आणि चिखल ढवळू नये म्हणून जमीन गोठल्यावरच खणायचं, असं ठरलं तेव्हा ते जरा नरमले. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, तिथे राहणार कोण?

मी म्हणाले, "माझी आई."

हॅस्किलनी कागदाची घडी घातली. "मग पायऱ्या नको करू," ते म्हणाले, "उतार कर. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखतात." आणि मतदानात समितीचे सगळे हात वर गेले.

बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस की कुणाच्या घरी पाहुणी होऊन राहणार नाही. मी तुला माझ्या घरी बोलावतच नाहीये. दार तुझं, किल्ली तुझी, स्वयंपाकघर तुझं. मी आत येताना टकटक करीन. मला तू हवी आहेस, जवळ, हाकेच्या अंतरावर. जानेवारीत जमीन गोठली की खांब रोवायचे आहेत. सगळ्या गावाची परवानगी मिळाली, आई, तुझी तेवढी मागायची राहिली होती. येशील?

तुझ्या होकारासाठी दाराशी बसलेली,
तुझीच,
ग्रेटा