दोन घाण्यांची पेंड, एकच खळे

मी, ओदेत, कै. नखला दीब यांची विधवा (निदान येत्या रविवारच्या दुपारपर्यंत), वय सदुसष्ट, राहणार क्फर-दिल्ब, प्रांत कूरा, लेबनॉन, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेगडीकडे पाठ करून, कोणीही भरीस न घालता, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी नणंद वदीआ म्हणते, "डॉक्टरने तुला जिन्यात एकटीलाच हसताना बघितलं नाही, वहिनी. नाहीतर सही करताना जरा थांबला असता."

मला मरायची अजिबात घाई नाही. लग्नाची आहे. रविवारची प्रार्थना आटोपली की आमच्याच चर्चमध्ये माझे लग्न मित्री अय्यूब यांच्याशी लागणार आहे. मित्री गावातल्या वरच्या तेलघाण्याचे मालक. खालचा घाणा माझा, म्हणजे नखलाचा. माझी एकुलती एक मुलगी ग्लादिस बैरूतला मुख्याध्यापिका आहे. या लग्नाला येणार नाही असे तिने फोनवर कळवले आहे.

"आई, त्या माणसाचा बाबांच्या घाण्यावर डोळा आहे."

"त्याचे डोळे अधू झालेत, ग्लादिस. चष्म्याशिवाय त्याला घाणा दिसत नाही."

"मग तू बरी दिसतेस त्याला."

"जवळ आल्यावर दिसते."

यावर फोन ठेवला गेला. तो तिने ठेवला, मी नाही, हे इथे नमूद करते. मी थट्टा केली की ती चिडते, आणि चिडली की हुबेहूब नखलासारखी बोलते, म्हणून मला थट्टा आवरत नाही. पण खरे सांगायचे तर ग्लादिस समोरच्या बाकावर नसेल तर मला त्या चर्चमध्ये उभे राहता येणार नाही. मित्रीलाही मी तसे सांगितले आहे. तेव्हा माझे जे काही आहे ते माझ्यामागे कोणाचे, हे मी लग्नाआधीच लिहून टाकते. रविवारी त्या माणसासमोर मी कागदोपत्री रिकाम्या हातांनी उभी राहीन. मग त्याचा डोळा कशावर होता ते सगळ्या गावाला दिसेल.

कलम १. खालचा दगडी घाणा, त्याची दोन्ही जाती, तेल गाळायच्या विणलेल्या चटया आणि घाण्यामागचे खळे, हे सर्व ग्लादिसला.

चटया जुन्या आहेत पण टाकू नयेत. त्यांना नखलाच्या हातांचा वास आहे. खळ्याविषयी जास्त लिहावे लागेल, कारण भांडण त्याचेच आहे. जैतुनाचे तेल गाळून झाले की साल, गर आणि फुटक्या बियांची पेंड उरते. तिला आम्ही जिफ्त म्हणतो. वाळली की ती जळते, आणि काय सुरेख जळते. घरे गरम ठेवायचे डिझेल जहाजातून येते, जहाजाच्या मनात असेल तेव्हा. जिफ्त दर हिवाळ्याच्या तोंडावर त्याच झाडांवरून येते, आणि झाडांना कोणाची परवानगी लागत नाही. फक्त तिला ऊन लागते, आणि आमच्या खळ्याइतके ऊन गावात कोणाकडेच नाही. मित्रीच्या घाण्यावर दुपारपासून डोंगराची सावली असते. म्हणूनच ग्लादिसला संशय आहे. संशय मूर्खपणाचा नाही, हे मी आई म्हणून मान्य करते.

मी या घरात आले तेव्हा मला फ्रेंच व्याकरण, भरतकाम आणि भूमितीची प्रमेये येत होती. शेगडी पेटवता येत नव्हती. तराबलुस शहरातल्या ननांच्या शाळेत आमच्या अभ्यासाच्या खोलीतही जिफ्तच जळायची, पण तिला हात लावायचा मान एकट्या सिस्टर क्लोतिल्दचा. थंडीने बोटे सुजली की ती आम्हा मुलींना एकेक करून शेगडीजवळ बोलवायची, आमचे हात आपल्या हातांत धरायची आणि ऊब लागेपर्यंत क्रियापदे म्हणवून घ्यायची. अजूनही गरम पेंडीचा तो करपट, तेलकट वास आला की माझ्या तोंडात भूतकाळाची रूपे येतात. तर, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी शेगडीत आख्खी टोपली ओतली. भुवया गेल्या. नखला धावत आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे सिस्टरांनी शिकवलं नाही वाटतं." भुवया परत येईपर्यंत तो रोज सकाळी स्वतः शेगडी पेटवायचा. पुढेही तोच पेटवत राहिला, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. ग्लादिस, तुझ्या बाबांना मी विसरलेली नाही. तसे वाटणे हा तुझा एकमेव मूर्खपणा आहे.

कलम २. जिफ्तच्या कांड्या पाडायचे यंत्र गावच्या चर्चला.

मी चर्चची अपराधी आहे. नखला गेल्यावर डिझेल इतके महागले की लोक कोट घालून जेवू लागले, तेव्हा मी हे यंत्र आणले. एका तोंडातून पेंड कोंबायची, दुसरीकडून मनगटाएवढी जाड कांडी बाहेर पडते. संत बार्बराच्या सणाला बिशप येणार होते. मी मोठ्या अभिमानाने माझ्या कांड्या चर्चच्या शेगडीत रचल्या. दगडी घाणा जुना, त्याला तेल पुरते पिळता येत नाही, पेंडीत बरेच उरते, हे मला ठाऊक होते. फक्त त्याचे पुढे काय होते हे डोक्यात आले नव्हते. पहिल्या स्तोत्राला शेगडी गुलाबी झाली, दुसऱ्याला लाल. बिशप एकेक बाक मागे सरकत गेले आणि आशीर्वाद त्यांनी दारातून दिला. मित्री तेव्हा माझ्याशी बोलत नसत. गावातले प्रत्येक घर एक तर वरच्या घाण्याचे असते नाहीतर खालच्या, आणि दोघांचे दुरूनच नमस्कार. त्या दिवशी मात्र ते मुद्दाम वाट अडवून उभे राहिले, आणि 'सित्त', म्हणजे बाईसाहेब, अशी अदबीने हाक मारली.

"सित्त ओदेत, हे इंधन आहे की तोफेचा गोळा?"

पुढच्या सणाला त्यांनी स्वतःच्या घाण्याची पेंड आणून माझ्या नाकावर टिच्चून शेगडीत घातली. त्यांचा घाणा नवा, पोलादी, इटलीहून आणलेला. तो तेलाचा थेंब सोडत नाही, पण पाणी सगळे पेंडीत ठेवतो. धूर असा झाला की आमचे धर्मगुरू अबूना जिर्यिस यांना समोरचा ग्रंथ दिसेना आणि ते पाठ असेल ते म्हणत गेले, त्यात एक बाप्तिस्म्याची प्रार्थनाही होऊन गेली. मी खोकत खोकत मित्रीपाशी गेले आणि त्यांनाही अदबीने 'मुअल्लिम', म्हणजे उस्ताद, म्हटले.

"मुअल्लिम मित्री, धूप जरा जास्त झाला का?"

तेव्हा ते हसले. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी प्रथमच पाहिले. बरे आहेत.

कलम ३. खालच्या मजल्यावरची खोली, तिच्यातली शेगडी आणि दर हिवाळ्याला लागतील तेवढ्या कांड्या, हे माझी नणंद वदीआ हिला तहहयात. शिवाय माझी पूर्ण क्षमा.

क्षमेचे कारण लिहिणे भाग आहे. धुराच्या त्या सणानंतर गावात एकच शेगडी नीट जळत होती, ती वदीआची. ना भडका, ना धूर, संध्याकाळी पेटवली तर सकाळी निखारा. मी खाली जाऊन तिच्या पोत्यात हात घातला. आमची पेंड काळपट असते, वरच्या घाण्याची तपकिरी. पोत्यात दोन्ही होत्या.

"वदीआ, हे काय?"

"पेंड."

"कोणाची?"

"जैतुनाची."

मग सगळे बाहेर आले. जो घाण्यावर जैतून नेतो तो आपल्या वाट्याची पेंड घरी आणतो, ही आमच्याकडची रीत. नखलाची सख्खी बहीण कित्येक हंगाम आपले अर्धे जैतून गुपचूप वरच्या घाण्यावर नेत होती, कारण तिथे रांगेत बसायला खुर्ची आणि वर कॉफी मिळते. पोती दोन ठेवली तर कोणी पाहील, म्हणून दोन्हींची पेंड एकाच पोत्यात कालवत होती. "उभं राहून माझे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "आणि नखलाला कळलं असतं तर त्यानं आपल्याकडे खुर्ची ठेवली असती का? तो म्हणाला असता, अर्धी वरच्या घाण्याची झालीस, तर अर्धं जेवायलाही मित्रीकडेच जा." हे अगदी बरोबर आहे. तो हेच म्हणाला असता.

मी तेच पोते उचलून वर मित्रीकडे गेले. त्यांनी ओंजळभर पेंड घेतली, नाकाशी नेली, आणि दोघेही एकदम बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. त्या वर्षीपासून त्यांची ओली पेंड आणि माझी तेलकट पेंड माझ्या खळ्यावर एकत्र कालवली जाते, कांड्या माझ्या यंत्रातून निघतात, आणि गाव कोट काढून जेवते. गेल्या सणाला बिशप पहिल्या बाकावर बसले आणि प्रवचन चालू असताना त्यांना डुलकी लागली. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही शेगडीला मिळाले नसेल.

कलम ४. मित्री अय्यूब यांना: काहीही नाही.

हे कलम मी त्यांना वाचायला दिले. त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावर होता.

"याखाली रेघ मार, ओदेत."

"मारते."

"दोन मार. तुझी लेक मुख्याध्यापिका आहे."

पहिली रेघ मी मारली, दुसरी त्यांनी. खळ्याबद्दल त्यांचे म्हणणे एवढेच की त्यांची पेंड ग्लादिसने वाळवू दिली तर वाळेल, नाही दिली तर ते ती पूर्वीसारखी ओलीच जाळतील आणि खोकतील.

त्यांनी मागणी कशी घातली हेही इथेच लिहिते, कारण ग्लादिसने विचारले नाही आणि मला कोणाला तरी सांगायचे आहे. आम्ही खळ्यावर कांड्या उन्हात उलटत होतो. ते म्हणाले, "सित्त ओदेत, ही दोन्ही आता वेगळी करता येतील का?" मी म्हणाले, "पेंड ना? छे. एकदा कालवली की कसली वेगळी होते." ते म्हणाले, "मग ठीक," आणि पुढच्या रांगेकडे गेले. ती मागणी होती हे मला रात्री मसूर खाताना कळले. चमचा खाली ठेवला आणि वर झोपायला निघाले, तर जिन्यात हसू फुटले. तेव्हापासून ते त्या जिन्यात राहायलाच आले आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितले, "मुअल्लिम, काल मी जे म्हणाले ते पेंडीबद्दल नव्हतं." ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी सकाळीच दाढी केली."

कलम ५. माझी डिझेलची रिकामी टाकी डिझेलवाला अंतून याला, त्याने ती पाहिजे तर कबुतरांसाठी वापरावी. टंचाईत तो मला म्हणाला होता, "पेंड जाळणं म्हणजे आजीच्या काळात जाणं, सित्त." मी आता त्याच्या आजीच्या वयाची आहे आणि माझे पाय गरम आहेत.

(दुरुस्ती: ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे नोटरी म्हणतात. अंतूनला साक्षीदार व्हायचे आहे, कारण साक्षीदारांना लग्नाच्या जेवणाचे आमंत्रण आहे आणि ते त्याला चुकवायचे नाही. सबब टाकी रद्द. कबुतरे त्याने आपली आपण पाहावीत.)

कलम ६. माझ्या शेगडीतली राख नेहमीप्रमाणे घाण्यामागच्या जैतुनांच्या बुंध्याशी घालावी. ज्या झाडाने दिले त्याच्याकडे परत गेले की ते पुन्हा देते. मी गेल्यावर माझ्याबद्दल फार काही बोलू नये. राख घालताना "ओदेतनं भुवया जाळल्या होत्या" एवढे आठवले तरी पुरे, आणि हसू आले तर आवरू नये.

कलम ७. ग्लादिस, कलम १ ला एक अट आहे. खळ्यावर दरवर्षी दोन्ही घाण्यांची पेंड कालवली जावी. मला माहीत आहे, तुला अटी आवडत नाहीत, दुसऱ्यांनी घातलेल्या. हा कागद आज टॅक्सीवाल्याबरोबर बैरूतला पाठवते. खाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. नाही लिहायचे असेल तर ती कोरीच ठेवून कागद परत पाठव, मी समजेन, आणि तरीही सगळे तुझेच राहील. तुझा बाक आहे तिथेच आहे.

(खालील मजकूर लाल शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात:)

वाचले. कलम १ व ७ मान्य. कलम ३: वदीआआत्याला म्हणावं, बाबांनी खुर्ची नक्की ठेवली असती, नंतर महिनाभर बोलले नसते एवढंच. कलम ४ खालची दुसरी रेघ वाकडी आहे. ती मारणाऱ्याला रविवारी चष्मा घालून यायला सांग, म्हणजे आपण कोणाशी लग्न करतोय ते नीट दिसेल. आणि तू तो राखाडी पोशाख घालणार असशील तर मी खरंच येणार नाही. निळा घेऊन शनिवारी येते. जिन्यातलं हसू फोनवर पण ऐकू येतं, आई. मी त्या दिवशी फोन ठेवला तो चिडून नाही, मला पण हसू आलं म्हणून. माझ्या खोलीतली शेगडी पेटवून ठेव. कालवलेली घाल. – ग्लादिस

वरील मजकूर वाचून, समजून, आणि मध्येच दोनदा डोळे पुसून मी सही करते.

ओदेत दीब

साक्षीदार:
१. अबूना जिर्यिस हद्दाद, गावचे धर्मगुरू (आता ग्रंथ स्पष्ट दिसतो)
२. अंतून बिशारा, डिझेल विक्रेता (टाकीविना)

स्थळ: क्फर-दिल्ब, खालच्या घाण्याचे घर
दिनांक: १४ जानेवारी २०२३, शनिवार. शेगडी चालू आहे, वर निळा पोशाख इस्त्री होऊन टांगला आहे आणि जिन्यात आता दोघी हसतो आहोत.