रुअरीची दोरी

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

बाबांनी आज त्याचं नाव घेतलं.

एकोणीस वर्षं या घरात माझ्या भावाचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टर सकाळी सांगून गेले की महिनाअखेर निघाली तरी नशीब. मी पेज भरवत होते. दोन घास गिळले आणि म्हणाले, "एफी, रुअरीला शोध." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग माझं मनगट धरलं — हातात काडीची ताकद उरलेली नाही, तरी धरलं. "पहिली दोरी त्याची. त्याच्याच हातात द्यायची."

पेटी कबरीत उतरवताना उशाकडची पहिली दोरी थोरल्या मुलाची. आमच्याकडे लेकराला चालता यायच्या आधी हे कळतं. आजी गेली तेव्हा बाबांनी उशाची दोरी स्वतः धरली, ते बरोबरच. पण नातू म्हणून रुअरीच्या वाट्याची जी होती ती त्याला दिली नाही. सगळ्या स्कारवेग गावासमोर शेजारच्या पोराच्या हातात दिली. का, तर रुअरीने बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर जायला नकार दिला होता. त्या रात्री घरात दोघांचं वाजलं आणि रुअरी निघून गेला. मी नव्हते. घर पाहुण्यांनी भरलेलं म्हणून मला आत्याकडे झोपायला पाठवलं होतं. सकाळी आले तर त्याच्या खाटेवरची चादर घडी घालून ठेवलेली.

या माणसाला मी कधी माफ केलं नाही. त्याची सेवा करते ती आईला एकटीला झेपत नाही म्हणून. आणि आज त्याने रुअरीचं नाव घेतलं तर मी परसात जाऊन मूर्खासारखी हमसून हमसून रडले.

आई म्हणते, "तापात बरळतोय. उशी सरळ कर त्याची."

७ नोव्हेंबर, शनिवार

हॉटेलच्या स्वयंपाकघरातून रजा घेतली. सकाळपासून फोन. अॅबर्डीनच्या बोटींच्या कचेऱ्या, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पाठवणारे, कॅनडातली चुलत आत्या. कोळ्यांच्या साप्ताहिकात जाहिरात दिली — "रुअरी, बाबा आजारी आहेत. घरी ये. एफी." याहून जास्त काय लिहायचं?

टॉर्क्विलमामा नेहमीसारखा शनिवारचं सूप प्यायला आला. आईचा धाकटा भाऊ. गावच्या कबरी तोच खोदतो, त्यामुळे गावात सगळे त्याच्याशी गोड बोलतात. मी जाहिरातीचं सांगितलं तेव्हा त्याचा चमचा तसाच राहिला.

"कशाला पोरी? त्याला घरचा रस्ता ठाऊक आहे. यायचं असतं तर आला असता."

"त्याला कळलंच नसेल तर?"

"कळून तरी काय करणार?" हे आई. भांड्यांकडे तोंड करून.

आईचं काळीज कशाचं आहे कोण जाणे. पोटचा पोर, आणि तिच्या तोंडून एकदाही "मिळेल का गं" निघत नाही.

१२ नोव्हेंबर

फोन आला!

इंग्लंडातल्या हल बंदरातून. माणूस म्हणाला, जाहिरात वाचली, मी रुअरी. तिथेच जिन्यावर बसले. म्हटलं, रुअरी, मी एफी. तो म्हणाला, "बाई, मी रुअरी आहे खरा, पण मला बहीण नाही. मला वाटलं, कुणीतरी वाट बघत असेल, तर निदान मी तो नाही एवढं तरी कळवावं."

बोलण्यावरूनच ओळखायला हवं होतं, पार इंग्लंडचं होतं. मी आभार मानले. तो म्हणाला, "सापडो तुमचा." भला माणूस. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

१३ नोव्हेंबर

कुणाचाही फोन नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

फाटक वाजलं की बाबा विचारतात, "आला का?" पोस्टमन आला तरी, वाऱ्याने वाजलं तरी. आज मी खोटं बोलले. म्हटलं, निघालाय, वाटेत आहे. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मग म्हणाले, "रागावलाय का अजून?"

नाही म्हटलं.

"मी दोरी द्यायला हवी होती गं. भर गावात पोराचं नाक कापलं मी."

आता काय करू? कुठून आणू त्याला? देवा, एवढं एक दे. परत काही मागणार नाही.

१९ नोव्हेंबर

बाबा पहाटे गेले. आईने डोळे मिटवले, खिडकी उघडली, आरशावर कापड टाकलं. सगळं रीतसर. मी चहा ठेवला, कारण काहीतरी ठेवायला हवं होतं.

तेवढ्यात आई म्हणते, "दहन करायचं. इन्व्हरनेसला नेऊन."

आमच्या घरात आजवर कुणाला जाळलेलं नाही. बाबांना तर फायरप्लेसशेजारी बसलं तरी उकडायचं!

२० नोव्हेंबर

भांडण. बाबा अजून आतल्या खोलीत, आणि आम्ही स्वयंपाकघरात भांडतोय.

मी म्हटलं, आपली कबर आहे, तिघांची जागा आहे. आजोबा समुद्रात गेले, दगडावर त्यांचं फक्त नाव. आत आजी एकटी, तीही अगदी तळाशी. तिच्यावर दोघं सहज मावतात.

मामा म्हणाला, "पाणी लागतं तिथे."

"वाळूत? मामा, सगळं कबरस्तान वाळूच्या टेकडीवर आहे. सशांना विचार पाणी लागतं का ते."

"मी खोदणार नाही."

"मग दुसरा बघते. गावात फावडं काय तुझ्या एकट्याकडे आहे?"

आई हळूच म्हणाली, "तिथे नको, एफी."

"का?"

"मी सांगते म्हणून."

मला वाटतं, तिला पुढे त्यांच्यासोबत तिथे निजायचं नाही. त्यात तिची चूक काढणार नाही, इतकी वर्षं एका छपराखाली अबोला धरून काढली दोघांनी. पण रुअरी आला तर कुठे येणार? स्कारवेगलाच येणार. इन्व्हरनेसच्या भट्टीत दोरी कुणाच्या हातात देऊ? कबरीचा हक्क बाबांनी मागेच माझ्या नावावर केलाय. मी ऐकणार नाही.

२१ नोव्हेंबर

अंत्यविधीचं बघणाऱ्या मिसेस लॅमाँट आल्या. दोऱ्या कुणाकुणाला, ते विचारलं. पहिली रुअरीची म्हणून सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं.

"आणि तो आला नाही तर, एफी?"

"येईल."

"हल्ली बायकाही धरतात. आमच्या काळी आम्ही घरात सँडविच कापत बसायचो, कबरीपाशी पुरुषच जायचे. आता कुणी काही म्हणत नाही."

"ती त्याची आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक वेड लागत आलेल्या माणसाकडे बघतात. पाहू देत. सगळ्या वर्तमानपत्रांना पुन्हा जाहिरात दिली. यावेळी "बाबा गेले" असं लिहिलं. आत्ता या घटकेला तो कुठेतरी चहा पीत ती वाचत असेल, असं सारखं मनात येतं.

आई जेवली नाही. मी वाढलं ते ताट तसंच.

२३ नोव्हेंबर, सोमवार

विक गावाहून आणलेला खोदणारा सकाळी कामाला लागला. तासाभराने फाटकापाशी उभा. टोपी हातात.

"बाई, त्या कबरीत कोण कोण आहे?"

"माझी आजी."

"पेटीत?"

"पेटीतच की. पेटीशिवाय कोण पुरतं?"

तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी काम थांबवलंय. आजीपर्यंत अजून पोचलोही नाही, बाई. आणि वर जे आहे ते पेटीत नाही. पायात बूट आहेत."

मागे आई दारात उभी होती. ती खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसली.

मी बघायला गेले नाही. बघायची गरज नव्हती. आजीला पुरलं त्याच दिवशी तो गेला. माती भुसभुशीत होती आणि फावडं मामाच्या घरात होतं.

माझा रुअरी. मी अॅबर्डीन पालथं घातलं, आणि हा पायवाटेने चालत जाता येईल एवढ्यावर होता. दर रविवारी चर्चला जाताना मी त्याच्याजवळून जात होते.

२४ नोव्हेंबर

कबरीवर पांढरा तंबू ठोकलाय. मामाला काल पोलिसांनी नेलं. त्याने लगेच कबूल केलं की पुरला मीच, पण मारला कुणी ते सांगत नाही. माझ्या बहिणीला विचारा म्हणतो. आई तोंड उघडत नाही.

सांगायला कशाला हवं? मला दिसतंय. बाबांनी मारला. आधी दोरी काढून घेतली, मग जीव घेतला. आणि मरताना "आला का, आला का" चं नाटक — माझ्यासमोर! मी त्या माणसाचं तोंड पुसत होते. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले. रुअरीला ज्या गावात पुरलं तिथेच मला त्याची वाट बघायला लावली.

मिसेस लॅमाँटना सांगितलं, न्या त्यांना कुठे न्यायचं तिथे. जाळा. मी येणार नाही. पाद्री आले, म्हणाले मेलेल्यावर राग धरू नये. त्यांना म्हटलं, मग कुणावर धरू?

२५ नोव्हेंबर

आई आज बोलली. पोलीस समोर होते, पण सांगितलं मला.

"रुअरीने तुझ्या बाबांना एका ठोशात आडवं केलं. तुझा बाप बेशुद्ध पडला होता, तरी रुअरी मारत होता. माझ्या हातात भाकरीचा तवा होता. त्याच्या डोक्यात एकदाच मारला."

मी विचारलं, "आणि बाबांना कधी सांगितलंस?"

"सांगितलं नाही. शुद्धीवर आला तेव्हा म्हटलं, पोर घर सोडून गेला, तूच घालवलास. ते त्याला खरंच वाटत राहिलं."