आबांची अकरा चित्रं

उंद्री,
२३ जानेवारी १९६७

प्रिय अर्जुन,

तुझं कार्ड शुक्रवारी शाळेतच हाती पडलं. आबांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं, आता पट्टी निघाली की चष्मा, हे वाचून बरं वाटलं. अकोल्याहून परतताना आधी संग्रहालय, घर मागून, असा हट्ट धरून बसलेत म्हणतोस. म्हणून मी काल तालुक्याला जाऊन आले.

संग्रहालय उघडलं तो दिवस तुला आठवत असेल. ड्रॉइंग मास्तर म्हणून तीस वर्षं काढताना केलेली अकरा तैलचित्रं आबांनी तिथं देऊन टाकली. मुंबईचे एक परीक्षक ती विकत मागत होते. आबा म्हणाले, कुणाच्या दिवाणखान्यात आपली जानेफळची माणसं काय करतील? बाजाराला आलेल्या माणसाला ती फुकट पाहता आली पाहिजेत. वांग्याच्या वाफ्यात बसलेल्या आईचं चित्रही त्यांनी दिलं. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. तू रागावलास.

काल दार कडूबांनी उघडलं. ते तिथले पहारेकरी. "पाहाले कोनी येत नाही बाई," ते म्हणाले, "आलं तं पानी पेवाले येते." पुढच्या खोलीतल्या मूर्तींवर चुन्याचे शिंतोडे होते. मागच्या खोलीत मतपेट्या रचलेल्या. मागल्या निवडणुकीला पेट्यांसाठी भिंत मोकळी हवी म्हणून चित्रं उतरवली, ती पुन्हा टांगलीच नाहीत. पाच पावसाळे कौलांतून गळलेलं पाणी त्यांच्यावर पडलं. "म्या साहेबाले दोनदा सांगतलं," कडूबा म्हणाले. "ते म्हनले, खिळे मंजूर व्हायचे हायेत."

आम्ही दोघांनी एकेक चित्र उजेडात आणलं. आठांचं कापड कुजलं आहे. बैलजोडीचं आणि शिंप्याचं, एवढी दोन धड आहेत. आईचं सगळ्यांच्या मागे, उलटं, डोकं जमिनीला टेकवून ठेवलेलं होतं. वाळवी लागली. वांगी आहेत, हात आहे, पदराचा काठ आहे. चेहरा नाही. "तुमच्या कोन लागते ह्या?" कडूबांनी विचारलं. मी म्हटलं, ओळखीच्या. असं का म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

घरी येऊन वरच्या कचेरीला अर्ज लिहायला बसले. 'जनतेच्या ठेव्याची हेळसांड' इथपर्यंत आले आणि थांबले.

तू म्हणशील, ताई तर दर महिन्याला तिथं जात होती. आबांना दिसेनासं झाल्यापासून मी गावी आले की ते विचारत, तुझी माय कशी आहे? मी सांगे, चांगली आहे, सकाळचं ऊन तिच्या पदरावर येतं. एकदा तर सांगितलं की शाळेच्या मुली नेल्या होत्या, त्यांना ती वांगी खरीच वाटली. आबा दिवसभर खुशीत होते. अर्जुन, संग्रहालय उघडलं त्या दिवसानंतर मी एकदाही गेले नव्हते. पहिल्या वर्षी तिच्याकडे बघवणार नाही म्हणून गेले नाही. पुढे सांगणं अंगवळणी पडलं. तालुक्याला बैठक असे, ती आटोपली की सरळ स्टँडवर यायची. संग्रहालय वाटेवरच आहे. एखाद्या वेळी आत डोकावले असते, तर निदान ते चित्र सुलटं ठेवलं असतं.

आबांना तू काही सांगू नकोस. खोटं मी सांगितलं, खरंही मीच सांगेन, आणि अकोल्यातच, ते गाडीत बसायच्या आत. नवा चष्मा लावून त्यांनी त्या खोलीच्या दारात उभं राहू नये. हे पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी: ऑपरेशननंतर किती दिवस डोळ्यांत पाणी येऊन चालत नाही, ते डॉक्टरांना विचार आणि मला कळव. तेवढे दिवस त्यांना तिथंच ठेवून घे. ते दिवस संपले की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी निघेन.

तुझीच,
अन्नपूर्णाताई